फुकटचं इंटरनेट नाकारलं त्याची गोष्ट

२७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, ११८ पानांचं एक सल्लामसलत-पत्र काढलं. विषय होता 'ओव्हर द टॉप' सेवांचं नियमन. व्हॉट्सअ‍ॅप, स्काइप, व्हायबर यांसारख्या ज्या सेवा मोबाइल कंपनीच्या जाळ्यावरून चालतात पण त्या कंपनीच्या नसतात, त्यांना सरकारी भाषेत हे नाव आहे. पत्राच्या शेवटी वीस प्रश्न होते, उत्तरं ईमेलनं पाठवायची होती आणि मुदत होती २४ एप्रिल. असे कागद ट्राय दरवर्षी काढतेच, आणि त्यांना उत्तर देणारी मंडळीही ठरलेली असतात: मोबाइल कंपन्या, त्यांच्या संघटना, त्यांचे वकील, एखाददुसरी ग्राहक संस्था. या कागदाला मात्र दहा लाखांहून जास्त उत्तरं आली.

याची सुरुवात तीन महिने आधी झाली होती. डिसेंबर २०१४ च्या शेवटच्या आठवड्यात एअरटेलनं जाहीर केलं, की नेटवरून केलेल्या कॉलसाठी ग्राहकाला वेगळे पैसे पडतील. ग्राहकानं डेटा पॅक मारलेला आहे, त्याचे पैसे मोजलेले आहेत. आता त्या डेटातून तो बोलतो की वाचतो यावरून पुन्हा आकारणी. कंपनीचं दुखणं उघड होतं. एसएमएसचा धंदा व्हॉट्सअ‍ॅपनं बसवला होता, परदेशी कॉलचा धंदा स्काइपनं खायला घेतला होता, आणि स्पेक्ट्रमच्या लिलावात ओतलेले कोट्यवधी रुपये वसूल व्हायचे होते. ओरड इतकी झाली, की काही दिवसांतच एअरटेलनं बेत मागे घेतला. मागे घेताना सांगितलं, की आता ट्रायच यावर विचार करणार आहे.

ट्रायचा कागद आला तेव्हा ज्यांनी तो खरोखर वाचला, त्यांना तो कंपन्यांच्या कलानं लिहिलेला वाटला. वाचणारे थोडेच होते. निखिल पाहवा हे दूरसंचार आणि इंटरनेट या क्षेत्रावर लिहिणारे पत्रकार, बंगळुरूचे सॉफ्टवेअरवाले किरण जोन्नलगड्डा, अपार गुप्तांसारखे वकील, आणि आणखी काही स्वयंसेवक. यांनी एक साधं काम केलं: ११८ पानांचा सारांश वाचता येईल इतका छोटा केला, वीस प्रश्नांची उत्तरं तयार केली आणि एक बटण दाबलं की ती ट्रायच्या पत्त्यावर जातील अशी सोय केली. ११ एप्रिलला मुंबईच्या एआयबी या विनोदी मंडळींनी नऊ मिनिटांच्या आसपासचा एक व्हिडिओ टाकला. चावट, शिव्यांनी भरलेला, पण मुद्दा अचूक पकडलेला. पुढच्या काही दिवसांत ट्रायच्या मेलबॉक्सवर जी धाड पडली तिची त्या कार्यालयाला सवय नव्हती.

मुद्दा काय होता? कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ मध्ये त्याला 'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' हे नाव दिलं होतं: जाळ्यावरून काय जातं ते पाहून जाळं चालवणाऱ्यानं भेदभाव करू नये. टोलनाक्यावर गाडी पाहून टोल घेतात. गाडीत टोमॅटो आहेत की टीव्ही, आणि ते कोणत्या दुकानात निघालेत, हे विचारून कमी-जास्त टोल लावायला लागलं तर नाक्यावरचा माणूसच बाजार चालवायला लागेल. महाराष्ट्रात टोलवर ज्या काळात रान पेटलं होतं त्या काळात हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

कंपन्यांनी स्वतःच तेलही ओतलं. ६ एप्रिलला एअरटेलनं 'एअरटेल झिरो' आणलं. यात ग्राहकाच्या डेटाचे पैसे अ‍ॅपवाली कंपनी भरणार होती; जी भरेल तिचं अ‍ॅप ग्राहकाला फुकट, जी भरणार नाही तिचं विकत. कंपनीचा युक्तिवाद असा, की १८०० ने सुरू होणारे टोल-फ्री नंबर वर्षानुवर्षं चालतात, मग हे का नको? युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. पण टोल-फ्री नंबरावर आपण एखाद्या कंपनीशी दोन मिनिटं बोलतो आणि फोन ठेवतो. इथं दोन दुकानांपैकी एकाच्या दारापर्यंतच फुकट रिक्षा मिळणार होती, आणि ती ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याच्याच दारात थांबणार होती. फ्लिपकार्ट या योजनेत जाणार असल्याची बातमी आली तेव्हा लोकांनी तिच्या अ‍ॅपला एक-एक तारा द्यायला सुरुवात केली. १४ एप्रिलला फ्लिपकार्टनं अंग काढून घेतलं.

तोवर दुसरी एक योजना दोन महिने शांतपणे चालू होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकनं अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग भारतात आणलं होतं. ते पहिल्यांदा आलं त्या मोजक्या सर्कलांमध्ये मुंबई आणि महाराष्ट्र होते, आणि ज्या भाषांत आलं त्यांत मराठी होती. रिलायन्सचं सिम असलं, की तीसेक साइट्स फुकट: फेसबुक, विकिपीडिया, हवामान, नोकऱ्या, बातम्या. शोधायला बिंग. गूगल नाही, यूट्यूब नाही. एअरटेल झिरोवरून वातावरण तापलं तसं लोकांचं लक्ष इकडे वळलं. क्लियरट्रिप बाहेर पडलं, एनडीटीव्ही बाहेर पडलं; टाइम्स समूहानं महाराष्ट्र टाइम्स आणि टाइम्सजॉब्ज बाहेर काढण्याची तयारी दाखवून इतर वृत्तसंस्थांनाही तसं करण्याचं आवाहन केलं.

एप्रिलचा शेवट विचित्र झाला. पारदर्शकता पाळायची म्हणून २७ तारखेला ट्रायनं आलेली सगळी उत्तरं जशीच्या तशी संकेतस्थळावर टाकली, पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसह. दहा लाख चालू पत्ते एका जागी म्हणजे फसव्या मेल पाठवणाऱ्यांना लॉटरीच. चिडलेल्या एका हॅकर गटानं साइट आपण पाडल्याचं सांगितलं. नागरिकांनी सरकारला पत्र लिहिलं की सरकार ते चौकात लावतं, हे नव्यानं लिहिणाऱ्यांना तेव्हा कळलं.

इथवरची गोष्ट सरळ आहे: कंपन्या एका बाजूला, लोक एका बाजूला. पुढच्या नऊ महिन्यांत ती इतकी सरळ राहिली नाही, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथं आहे.

मार्क झुकरबर्गला भारत हवा होता. चीनमध्ये फेसबुकला बंदी. उरलेल्या जगात इतकी मोठी, इतकी तरुण आणि इतकी ऑफलाइन लोकसंख्या दुसरीकडे नव्हती. मे महिन्यात त्यानं योजना कोणत्याही विकासकाला खुली केली, पण अटींवर. व्हिडिओ नको, मोठी चित्रं नकोत, नेटवरून कॉल नकोत, साइट साध्या फीचर फोनवर चालली पाहिजे. अटी बऱ्याच अंशी तांत्रिक आणि समजण्यासारख्या होत्या. २जीवर दुसरं काय चालणार? अडचण वेगळीच होती. या योजनेतली सगळी ये-जा फेसबुकच्या स्वतःच्या सर्व्हरमधून जायची, कारण कोणता डेटा फुकट आणि कोणता विकतचा हे मोजायचं होतं. म्हणजे गावातल्या माणसानं आजाराची माहिती वाचली काय किंवा नोकरी शोधली काय, त्याचा माग मधल्या एका कंपनीच्या हातातून जाणार. सुरुवातीला तर सुरक्षित जोडणीची सोयही नव्हती. सप्टेंबरमध्ये ती आली आणि नावही बदललं: फ्री बेसिक्स.

त्याच सप्टेंबरच्या २७ तारखेला पंतप्रधान मोदी कॅलिफोर्नियात फेसबुकच्या मुख्यालयात गेले. डिजिटल इंडियाला पाठिंबा म्हणून झुकरबर्गनं आपल्या चित्रावर तिरंगी छटा चढवली आणि लाखो भारतीयांनी तीच सोय वापरून आपापली चित्रं रंगवली. कोणीतरी त्या पानाचा कोड उघडून पाहिला. आत एका घटकाचं नाव चक्क 'इंटरनेट डॉट ऑर्ग प्रोफाइल पिक्चर' असं होतं. फेसबुकनं खुलासा केला, की एका अभियंत्यानं घाईत ते नाव दिलं, डिजिटल इंडियाचा आणि योजनेचा काही संबंध नाही. खुलासा खरा असूही शकेल. प्रोग्रामर मंडळी नावं ठेवताना किती आळस करतात हे ठाऊक असलेल्याला तो अशक्य वाटणार नाही. पण तोवर विश्वासाची थैली रिकामी होत आली होती.

९ डिसेंबर २०१५ ला ट्रायचा दुसरा कागद आला. मधल्या काळात अध्यक्ष बदलले होते. आधार प्राधिकरण उभं करण्यात ज्यांचा हात होता ते राम सेवक शर्मा आता तिथं होते. पहिल्या कागदातून ट्राय एक गोष्ट शिकलेली दिसते. या वेळी ११८ पानं नव्हती आणि वीस प्रश्नही नव्हते. चारच प्रश्न, आणि मध्यवर्ती एकच: वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळा डेटा दर लावायची परवानगी कंपन्यांना असावी का? फेसबुकचं नाव कुठंही नव्हतं. त्याच महिन्यात रिलायन्सला फ्री बेसिक्स तूर्त थांबवायला सांगितलं गेलं.

मग फेसबुकनं जे केलं ते पाहण्यासारखं होतं. एप्रिलमध्ये स्वयंसेवकांनी वापरलेलं हत्यारच त्यानं उचललं. भारतात फेसबुक उघडलं, की समोर एक सूचना: 'फ्री बेसिक्स वाचवा', बटण दाबा, ट्रायला मेल जाईल. स्वयंसेवकांकडे एक संकेतस्थळ होतं. फेसबुककडे कोट्यवधी भारतीयांचा रोजचा पडदा होता. काही सूचना तर अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या वापरकर्त्यांनाही गेल्या, आणि ते चुकून झालं असं कंपनीला सांगावं लागलं. शिवाय वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, रस्त्यांवर फलक. २८ डिसेंबरला टाइम्स ऑफ इंडियात झुकरबर्गचा लेख आला आणि त्यात महाराष्ट्रातला एक शेतकरी होता. फ्री बेसिक्सवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो, नवी पिकं आणि जनावरं घेण्यात पैसे घालतो. झुकरबर्गचा सवाल होता, की या माणसाचं भलं होण्यात इंटरनेटचं नुकसान ते काय?

प्रश्न चतुर होता, आणि विरोधकांपैकी फार थोड्यांनी त्याला सरळ उत्तर दिलं. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांच्या एका गटानं योजनेतले दोष नेमके दाखवले: 'मूलभूत' काय हे कोण ठरवणार, आणि वाचणाऱ्याची माहिती कोणाच्या हाती जाणार. पाहवांनीही त्याच वर्तमानपत्रात प्रत्युत्तर लिहिलं. सगळं रास्त होतं. पण हा वाद ज्यांच्या नावानं चालला होता ते वादात नव्हतेच. दोन्ही बाजूंनी मेल पाठवणाऱ्यांच्या खिशात डेटा पॅक होता. महागडा डेटा परवडत नसलेल्या माणसाला काय हवं, हे एका बाजूनं जाहिरातीतून सांगितलं आणि दुसऱ्या बाजूनं तत्त्वातून.

जानेवारी २०१६ मध्ये ट्राय आणि फेसबुक यांच्यात पत्रापत्री झाली, ती सरकारी पत्रव्यवहारात क्वचितच सापडेल अशी आहे. ट्रायकडे या खेपेला वीस लाखांहून अधिक मेल आले, आणि त्यांतले बहुसंख्य फेसबुकच्या बटणातून आलेले होते. त्यांत लिहिलेलं काय, तर आमचा फ्री बेसिक्सला आणि डिजिटल समानतेला पाठिंबा आहे. चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नाही. ट्रायनं फेसबुकला कळवलं, की या लोकांना आमचे प्रश्न पोचवा आणि त्यांना उत्तरं देऊ द्या. फेसबुकची तक्रार अशी, की आमच्या वापरकर्त्यांचे लाखो मेल तुमच्यापर्यंत पोचूच दिले गेले नाहीत. १८ जानेवारीच्या पत्रात ट्रायनं सुनावलं: तुमच्या पद्धतीनं गेलो, तर अर्थपूर्ण सल्लामसलतीचं रूपांतर घडवून आणलेल्या मतमोजणीत होईल.

हे वाक्य लिहायला धैर्य लागतं, आणि त्यातला पेच ट्रायलाही ठाऊक असणार. एप्रिलमधले दहा लाख मेलही साच्यातलेच होते. बटण दाबणारे बहुतेक जण ११८ पानं वाचून बसले नव्हते. फरक होता तो एवढाच, की त्या साच्यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती. मला हा फरक पुरेसा वाटतो. नियामक मतं मोजत नाही, कारणं तपासतो. ज्या मेलमध्ये कारणच नाही तिच्या एक कोटी प्रती आल्या तरी तपासायला काही मिळत नाही. शर्मांनी प्रश्न अरुंद ठेवला होता म्हणूनच हे म्हणता आलं. पहिल्या कागदासारखा पसरट प्रश्न असता, तर फेसबुकचा ढीग सहज चालून गेला असता.

८ फेब्रुवारी २०१६ ला निकाल आला. मजकुरावरून डेटाचा दर कमी-जास्त करता येणार नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. आणीबाणीच्या काळातल्या सेवांना सवलत. चालू योजनांना सहा महिन्यांची मुदत. दोन वर्षांनी फेरविचार करता येईल अशी सोय. दंडाची रक्कम या कंपन्यांना चहापाण्याएवढीच, पण नियम नियम आहे. चिलीनं याच दिशेचं पाऊल आधी उचललं होतं, मात्र इतक्या मोठ्या बाजारानं इतक्या स्पष्टपणे नाही म्हटलेलं जगात दुसरं उदाहरण तेव्हा नव्हतं.

दोन दिवसांत फेसबुकच्या संचालक मंडळातले मार्क अँड्रीसन यांनी ट्विटरवर वसाहतवादविरोधानं भारतीयांचं दशकानुदशकं आर्थिक वाटोळं केलं आहे, अशा अर्थाचं काहीतरी लिहून टाकलं. ब्राउझर घराघरांत नेणाऱ्या या माणसाचं इतिहासाचं वाचन बेताचं निघालं. त्यांनी ते काढून टाकलं, माफी मागितली, झुकरबर्गनंही हात झटकले. पण विरोधकांनी वर्षभर जे सूचित केलं होतं ते आता समोरच्यानंच बोलून दाखवलं होतं. ११ फेब्रुवारीला फ्री बेसिक्स भारतातून बंद झालं.

विजयाचा आनंद करणाऱ्यांनी यापुढचं पान सहसा वाचून दाखवलेलं नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला दुसऱ्या अंबानींचं जिओ सुरू झालं. त्यानं निवडक साइट्स फुकट दिल्या नाहीत. सगळंच इंटरनेट फुकट दिलं, आधी डिसेंबरपर्यंत, मग मार्च २०१७ पर्यंत. ट्रायच्या नियमाला कुठंही धक्का नाही, कारण भेदभावच नाही. फेब्रुवारी २०१७ पर्यंत दहा कोटी ग्राहक झाले. ट्रायच्याच आकड्यांनुसार २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडायचे, २०१८ मध्ये ते ११ रुपये ७८ पैशांवर आले. झुकरबर्गच्या लेखातल्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर ना त्याच्या योजनेनं दिलं, ना तिच्या विरोधकांनी. ते ज्याच्या तिजोरीत दीर्घकाळ तोटा सोसायची ताकद होती त्यानं दिलं. आणि त्या ताकदीखाली बाकीचे चिरडले गेले. फ्री बेसिक्स आणणाऱ्या रिलायन्स कम्युनिकेशन्सनं २०१७ च्या अखेरीस मोबाइल सेवा गुंडाळली आणि पुढे दिवाळखोरीत गेली. डझनभर कंपन्यांचा बाजार तीन खासगी कंपन्या आणि एका सरकारी कंपनीवर आला.

फेसबुकला भारत मिळालाच. स्वस्त डेटा हातात आल्यावर गावोगावच्या लोकांनी जे पहिलं उघडलं ते व्हॉट्सअ‍ॅप होतं, आणि व्हॉट्सअ‍ॅप २०१४ पासून फेसबुकचंच आहे. ज्या साच्याच्या इंटरनेटला आपण नाही म्हटलं, त्या साच्यातच बरेचसे लोक आपणहून जाऊन बसले. म्हणून नियम निरुपयोगी होता असं मी म्हणणार नाही. उद्या एखाद्या नव्या मराठी अ‍ॅपवाल्याला मोठ्या कंपनीशी स्पर्धा करायची झाली, तर निदान डेटाचा दर दोघांना सारखा आहे, आणि तो सारखा आहे कारण ८ फेब्रुवारीचा कागद आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये केलेला समानतेचा नियम तिथल्याच आयोगानं २०१७ मध्ये मोडीत काढला. भारतात उलट झालं: जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागानं तत्त्व मान्य करून ते कंपन्यांच्या परवान्यांतच घालायचं ठरवलं.

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, फेसबुकनं ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा विकत घेतला. जुलै २०२३ मध्ये ट्रायनं ओव्हर द टॉप सेवांच्या नियमनावर पुन्हा एक सल्लामसलत-पत्र काढलं; मोठ्या अ‍ॅपवाल्यांनी आमच्या जाळ्याचा खर्च उचलावा, ही मोबाइल कंपन्यांची जुनी मागणी त्या सुमाराला पुन्हा जोर धरून होती. या वेळी कोणी विनोदी व्हिडिओ केला नाही. हे कागद ट्रायच्या संकेतस्थळावर असतात, कोणीही वाचू शकतो आणि कोणीही उत्तर पाठवू शकतो. पुढचा येईल तेव्हा आपला ईमेल पत्ता जगजाहीर होऊ शकतो हे गृहीत धरून पाठवा, पण पाठवा. आणि साच्यातला मजकूर पाठवण्याआधी विचारलेला प्रश्न एकदा वाचून घ्या.